सात नंबरची जागा

सावळाराम गार्डाचा गुडघा त्या वर्षी दिवाळीपासूनच कुरकुरत होता, आणि नेमकं त्याच वर्षी सरकारच्या डोक्यात आलं की रानात कोणी कुठे झोपायचं हेही नंबर घालून ठरवायचं. आता रान म्हणजे काय धर्मशाळा आहे? पण वरून हुकूम आला म्हणजे आला. सावळारामच्या हातात रेंजरसाहेबांनी पांढऱ्या रंगाचा एक डबा, एक बोथट कुंचला आणि एक नकाशा दिला, आणि सांगितलं की तुझ्या बीटमधल्या रानात झोपड्यांसाठी एकवीस जागा काढ. चोपन्न वर्षांचा माणूस, आठ महिन्यांनी पेन्शनीत निघायचा, तो डबा हातात धरून कचेरीच्या पायरीवर जरा वेळ बसून राहिला. मग उठला, कारण बसून कोणाचं भागतं.

साल त्रेचाळीस. लढाई चाललेली, पेट्रोल मिळेनासं झालेलं, म्हणून मुंबईकडच्या मोटारी आणि लॉऱ्या पाठीला टाक्या बांधून कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या होत्या. शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्या कोळशाला एकदम भाव आला. कातकरी कुटुंबं दरसाल दिवाळीनंतर रानात शिरत, ठेकेदाराच्या भट्ट्या लावत आणि होळीला बाहेर पडत. ते पूर्वीपासूनच होतं. पण यंदा दुप्पट माणसं आली, आणि ती भट्टीच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, जिथे सावली दिसेल तिथे झोपड्या टाकू लागली. वणव्याची भीती, पाण्याची घाण, झाडांची तोड, आणि इतकी माणसं एका ठिकाणी जमली तर काय करतील याचीही कचेरीला धास्ती. म्हणून नियम निघाले.

ते नियम ज्यानं कोणी लिहिले तो रानात एक रात्रसुद्धा झोपलेला नसणार, हे सावळारामचं पक्कं मत. एका जागी दोनच झोपड्या. एका जागेपासून दुसरी जागा अर्धा मैल लांब. ओढ्यापासून शंभर पावलांच्या आत झोपडी नको, आणि हद्दीसाठी रचलेल्या दगडी बुरुजांजवळ तर नकोच नको. चूल पेटवायची ती पालापाचोळा झाडून, दगडांचं कडं करून. भट्टीवर राखणीला एक माणूस चालेल, बाकी कुटुंबानं आपल्या नंबरावरच झोपायचं. आणि जे कुटुंब आपला नंबर सोडून दुसरीकडे झोपलेलं सापडेल त्याचा रानात राहायचा पास रद्द, झोपडी मोडून टाकायची, माणसं त्या हंगामापुरती रानाबाहेर. भट्टी अर्धी जळलेली असली तरी बाहेर. रानाबाहेर म्हणजे त्या लोकांनी जायचं कुठे, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नव्हतं.

तरी त्यानं जागा काढल्या. इमानानं काढल्या. तो गुडघा ओढत टेकाडं चढला, पावलं मोजली, पाणी किती लांब ते पाहिलं, सावली पाहिली, वारा कुठून येतो ते पाहिलं. कुठे वाळवी, कुठे खडक, कुठे उतार. एकवीस जागा काढता काढता त्याच्या नाकी नऊ आले. पण सात नंबरची जागा मिळाली तेव्हा त्याला बरं वाटलं. डोंगराच्या वरच्या धारेनं उतरताना ऐनाच्या झाडांमध्ये एकदम मोकळी, सपाट जमीन लागली. पायाखाली एक खडा नाही. कोणीतरी पूर्वी सगळे दगड वेचून कडेला छोटे छोटे ढीग करून ठेवलेले, त्यावर शेवाळ आलेलं. जुन्या भट्टीवाल्यांनी केलं असेल, असं तो मनाशी म्हणाला, आणि त्यातल्याच एका ढिगावरचा एक चपटा दगड चांगला बघून त्यानं त्यावर पांढऱ्या रंगानं मोठा सातचा आकडा काढला. त्या जागेच्या खालून ओढा वाहत होता, दीडशे पावलांवर. ओढ्याच्या त्या अंगाला सावळाराम सहसा फिरकत नसे. का फिरकत नाही, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

पास वाटायच्या दिवशी सात नंबर मंगळ्या आणि भागी या नवराबायकोला गेला. त्यांची भट्टी तिथून जवळच, ओढ्याच्या काठाला लागलेली. बरोबर दोन लहान मुली. मंगळ्या बोलायला कच्चा, सगळा कारभार भागीचा. तिशी उलटलेली, हाडकुळी बाई, हातांना कोळशाचा काळा रंग कायमचा बसलेला. सावळाराम तिला दहा-बारा वर्षं ओळखत होता, म्हणजे तोंडओळख. कुठला नंबर हे कळल्यावर ती पासाकडे नुसती पाहत राहिली.

"गारदबाबा, दुसरा नंबर नाय का?" तिनं विचारलं.

"का? ह्याला काय झालं? सगळ्यात बेस जागा तुला दिली."

"दुसरा असंल तर बगा."

"दुसरे समदे गेले. आता काय तुला बंगला बांधून देऊ?" सावळाराम खेकसला. सकाळपासून चाळीस कुटुंबांना तेच तेच नियम सांगून त्याचा घसा बसला होता.

भागी पास पदरात बांधून चालू लागली. सावळारामला वाटलं, झालं, मिटलं.

कसलं मिटतंय. पौष लागला, थंडी पडली, आणि एका सकाळी तो सात नंबरावर गेला तर झोपडी उभी, पण मेलेली. अठ्ठावीस वर्षं रानात काढलेल्या माणसाला झोपडी बघून कळतं की आत कोणी राहतं का नाही. छपराच्या पेंढ्याला धुराचा डाग नव्हता. दारापुढे कोंबडीची विष्ठा नव्हती, पोरांनी ओढलेल्या काटक्या नव्हत्या. चुलीचे दगड मांडलेले होते, पण कोरे करकरीत. नियमाला दाखवायला म्हणून झोपडी उभी केली होती आणि माणसं दुसरीकडे राहत होती. सावळारामच्या अंगाचा तिळपापड झाला. नियम मोडला म्हणून नव्हे, नियम मोडण्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. आता आपल्याला परत परत इथे यावं लागणार, याचा त्याला राग आला.

तो खाली भट्टीकडे गेला. ओढ्यापासून तीस पावलांवर, भट्टीच्या उबेला, सागाच्या पानांचा आडोसा केलेला. आत गोधडी, मडकी, आणि दोन्ही मुली एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपलेल्या. मंगळ्या भट्टीच्या भेगांवर ओली माती लिंपत होता. भट्टी पेटली की तिच्यावरून नजर काढता येत नाही. कुठे भोक पडलं, वारा शिरला, की कोळशाच्या जागी राख. पंधरा दिवसांची मेहनत एका दुपारी जाते.

"हे काय रे?" सावळाराम म्हणाला. "राखणीला एक माणूस. तू राहा. बायकापोरं नंबरावर पायजेत. सांगितलं होतं का नव्हतं?"

मंगळ्यानं भागीकडे पाहिलं. भागी ओढ्यावरून मडकं भरून येत होती. तिनं मडकं खाली ठेवलं आणि मान हलवली. "जाव," म्हणाली.

"आजपासून."

"व्हय. आजपासून."

आठवड्यानं तो परत गेला तेव्हा झोपडी तशीच मेलेली. तो पुन्हा बोलला, ती पुन्हा मान हलवून "व्हय" म्हणाली. त्या 'व्हय'पुढे सावळारामनं हात टेकले. भांडली असती, रडली असती, तर त्याला काही सुचलं असतं. ही बाई प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणायची आणि करायचं तेच करायची.

मग बातमी आली की शेजारच्या बीटमध्ये नव्या रेंजरसाहेबांनी एक कुटुंब रानाबाहेर काढलं. झोपडी जागच्या जागी मोडली, भट्टी तशीच सोडून माणसं रस्त्याला लावली. हे नवे साहेब, कारखानीस त्यांचं नाव, तरुण होते, शिव्या देत नसत, हात उगारत नसत. नकाशा उघडायचे, नंबर बघायचे, चुलीत काठी घालून राख उकरायचे, आणि काय ते ठरवायचे. परवा, गुरुवारी, ते सावळारामच्या बीटमध्ये येणार होते.

बुधवारी सकाळीच सावळाराम भट्टीवर गेला आणि भागीला म्हणाला, "चल माझ्यासंगं वर."

ती निमूटपणे चालू लागली. सात नंबराच्या अलीकडे दहा-पंधरा पावलांवर थांबली. सावळाराम पुढे गेला, त्या कोऱ्या चुलीपाशी उभा राहिला.

"उद्या साहेब येणार. राख नाय सापडली की तुमचा पास गेला. भट्टी गेली. पोरींना घेऊन कुठे जाशील? खर्डीच्या फलाटावर बसशील? अगो बाय, मला आता ह्या वयात कोणाला रानाबाहेर काढायचं नाय. दमलोय मी. तू मला फक्त एवढं सांग, या जागेला काय झालंय? पाणी जवळ, सावली, जमीन कशी आरशासारखी. एक दगड नाय पायाखाली."

"दगड आमीच येचले," भागी म्हणाली.

"कधी?"

"मी पोर व्हते तवा. मानमोडीच्या साली. काकानं खड्डे काढले, पर ताकद नव्हती त्याच्यात, खड्डे उथल झाले. तरसं येऊन उकरतील म्हनून आमी पोरांनी हितले समदे दगड येचले आन त्यांच्या अंगावर घातले." तिनं कडेच्या ढिगांकडे हात केला. "ती समदी आमची मानसं. म्हनून हितं चूल पेटवत नाय गारदबाबा. जिवंत मानसानं त्यांच्या उरावर शिजवून कसं खायाचं?"

सावळाराम खाली बसायला गेला, मग कशावर बसतोय हे बघून पुन्हा उठला.

"आन तुमी आकडा काढला ना," ती सावकाश म्हणाली, "तो दगड माज्या आयचा."

"मग बोलली का नाय तू? पास घेताना का नाय बोलली?"

भागीनं त्याच्याकडे पाहिलं. दहा-बारा वर्षांत तिनं असं सरळ त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुमाला म्हायीत नाय का?" ती म्हणाली. "खाली वड्यावर तुमीच उभं व्हता. काठी घेऊन."

मानमोडीची साथ. अठरा साल. सावळाराम तेव्हा एकोणतीस वर्षांचा, नोकरीला तीन वर्षं झालेली. गावोगावी माणसं ताप भरून पटापट मरत होती. रानातल्या एका टोळीत आजार शिरला तेव्हा हुकूम आला की त्या लोकांना टेकाडावर एका जागी ठेवा, गावात येऊ देऊ नका, आणि ओढ्यावर तर मुळीच उतरू देऊ नका, कारण खालची दोन गावं त्याच पाण्यावर होती. टेकाडावर पाणी गावातून पोचवायची सोय होईल, असं हुकुमात होतं. सावळारामनं त्यांना ओरडून ओरडून वर चढवलं आणि स्वतः ओढ्यावर काठी घेऊन उभा राहिला. तीन दिवस. वरून माणसं मडकी घेऊन येत, तो काठी आपटे, माणसं परत जात. गावातून पाणी घेऊन कोणी आलं नाही. कोण येणार? गावातसुद्धा घरटी एक प्रेत होतं. आता येतील, संध्याकाळपर्यंत येतील, असं तो स्वतःला सांगत राहिला. तिसऱ्या दिवशी एक लहान पोरगी एकटीच आली, हातात नारळाची करवंटी. त्यानं तिलाही परत पाठवलं.

चौथ्या दिवशी त्यालाच ताप भरला. महिनाभर तो घरी पडून होता. उठून परत कामावर आला तेव्हा कोणीतरी सांगितलं की टेकाडावर कोणी नाही. तो वर चढला नाही. ओढ्याच्या अलीकडूनच त्यानं वर पाहिलं, आणि डायरीत एक ओळ लिहिली: लोक जागा सोडून निघून गेले, जागा मोकळी. त्याबद्दल त्याला कोणी काही विचारलं नाही. पाच-सहा वर्षांनी तिथे तोड झाली, मग नवं रान वाढलं, सगळ्याचा चेहरामोहरा बदलला. यंदा तो वरच्या धारेनं आला आणि त्याला ती एक छान मोकळी जागा दिसली.

त्याला माहीत नव्हतं, असं म्हणता येईल. पण पंचवीस वर्षं माणूस एका ओढ्याच्या वाटेला जात नाही, ते काय उगीच? त्याला लाज वाटली. इतकी लाज की समोर उभ्या असलेल्या बाईकडे बघायची हिंमत होईना.

"ती करवंटीवाली..." तो म्हणाला.

"मीच."

खालून मंगळ्याच्या फावड्याचा आवाज येत होता. शेवटी भागीच म्हणाली, "साहेब येतोय तर मी आज हितं झोपते. एकली. पोरींना नाय झोपवनार. पर चूल नाय पेटनार, सांगून ठेवते."

"चुलीतच काठी घालतो तो."

"मंग नाय जमायचं," ती म्हणाली, आणि हे एखाद्या भट्टीबद्दल बोलावं तसं म्हणाली. जणू हे असंच होणार हे तिला पास हातात पडला त्या दिवसापासून ठाऊक होतं.

सावळारामनं सगळं मनात फिरवून पाहिलं. नंबराचा दगड उचलून दुसरीकडे ठेवावा, तर नकाशावर सातची खूण पक्की, शिवाय तो दगड उचलायचा कोणी. दुसऱ्या नंबरावर पाठवावं, तर तिथे दोन-दोन झोपड्या आधीच. भट्टीपाशी राहू द्यावं, तर ओढा तीस पावलांवर. त्यानं कोटाच्या खिशातून नियमांचा कागद काढला. चुरगळलेला, घामानं पिवळा पडलेला तो कागद त्यानं या दोन महिन्यांत शंभर वेळा लोकांना वाचून दाखवला होता, पण नेहमी लोकांनी काय करू नये तेवढंच. गार्डासाठी लिहिलेला मागचा भाग कधी धड वाचलाच नव्हता. तिथे होतं: देवस्थान अथवा मसणवट यांच्यापासून शंभर पावलांच्या आत जागा मुक्रर करू नये. चुकून केली गेल्यास गार्डानं मृतांची नावं, संख्या व साल लिहून लेखी रिपोर्ट द्यावा, म्हणजे जागा रद्द होऊन त्या कुटुंबास जवळची दुसरी जागा नियमाबाहेरही देता येईल.

त्यानं ते दोनदा वाचलं. नावं, संख्या व साल. साल लिहिलं की कचेरीत कोणीतरी त्या सालचं दफ्तर काढणार. त्यात त्याच्याच अक्षरात ती ओळ. खोटी नोंद केलेल्या माणसाला कोण पेन्शन देतो? आठ महिने राहिले होते. फक्त आठ महिने, आणि मग घरच्या ओटीवर बसून गुडघ्याला तेल चोळायचं, बाकी काही नाही. एवढंच तर त्याला हवं होतं.

"भागे," तो म्हणाला, "नावं सांग."

"कोनाची?"

"हितं जी हायेत त्यांची."

ती पुढे आली, सात नंबराच्या जागेत पहिल्यांदाच, आणि एकेका ढिगाशी उभी राहून सांगू लागली. जिवली, ती आय. वाळू, तो बा. आजी बाईजा. धाऊ आणि त्याची बायको मालू, त्यांना एकातच पुरलं. सावळाराम गुडघ्यावर कागद ठेवून पेन्सिलीनं लिहीत होता. एखादं नाव ती दोनदा सांगे, बरोबर लिहिलं का म्हणून त्याच्या पेन्सिलीकडे बघे, जरी तिला वाचता येत नव्हतं. अकरा नावं झाली.

"आन एक धाकला," ती म्हणाली. "भाव व्हता माजा. त्याचा नाव ठेवायचा राहिला व्हता."

सावळारामनं लिहिलं: एक लहान मूल. एकूण बारा. मग खाली लिहिलं की सन अठराच्या नोंदीत ही माणसं निघून गेली असं आहे, ती नोंद माझी आहे व ती खोटी आहे. सही केली. सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं." मग भट्टीकडे निघून गेली, कारण मंगळ्या दोन रात्री झोपलेला नव्हता.

गुरुवारी कारखानीस साहेब आले. सावळारामनं त्यांना थेट सात नंबरावर नेलं आणि चुलीत काठी घालायच्या आधीच रिपोर्ट हातात दिला. साहेबांनी उभ्याउभ्या वाचला. मग दगडांच्या ढिगांकडे पाहिलं, मनातल्या मनात मोजले असावेत. मग पुन्हा शेवटच्या ओळी वाचल्या.

"हे तुम्ही का लिहिलंत?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच समजत नव्हतं.

"खरं हाय साहेब."

"खरं असेल. पण हा कागद वर गेला की काय होईल, कळतंय ना? तुमची किती नोकरी राहिली?"

"आठ महिने."

साहेबांच्याही चेहऱ्यावर थकवा होता. तीन दिवस तेही रानातून चालतच होते. "असं करू," ते म्हणाले. "हा कागद मी पाहिलाच नाही. सात नंबरावर कोणी राहत नाही, एवढंच मी लिहितो. पास रद्द. ही दोन माणसं आणि दोन मुली, दुसरीकडे कुठे काम बघतील. तुम्ही आठ महिन्यांनी सुखानं घरी जा. या वयात कशाला?"

आणि खरं सांगायचं तर सावळारामला ते हवं होतं. त्याचं सगळं अंग ते मागत होतं. कोणीतरी शहाण्या माणसानं आपल्या हातातून हे काढून घ्यावं, यासारखं सुख नाही. तो मान हलवणार होता. तेवढ्यात त्याची नजर खाली भट्टीकडे गेली.

भट्टीपाशी गाठोडी बांधून ठेवलेली होती. गोधडीची एक, मडक्यांची एक, कोयता वर खोचलेला. पानांचा आडोसा पाडून त्याची पानं नीट रचून ठेवलेली. मुलींच्या डोक्याला तेल लावून, त्यांना तयार करून गाठोड्यांवर बसवलेलं. मंगळ्या अजून भट्टी लिंपत होता, जिच्यातला कोळसा त्याला मिळणार नव्हता. काल भागीनं एकेका ढिगाशी उभं राहून बारा माणसं सांगितली होती, पण त्यातून काही होईल असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. गार्डानं विचारलं म्हणून तिनं सांगितलं, आणि मग जाऊन सामान बांधलं.

"साहेब, कागद राहू द्या," सावळाराम म्हणाला.

"विचार करा."

"केला साहेब. एकदा ही माणसं निघून गेली म्हणून लिवलं मी. आता परत नाय लिवणार. नावं लिहून झालीत."

कारखानीस साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि खिशातलं पेन काढलं. नकाशावरचा सात खोडला. भट्टीच्या जागी, ओढ्याच्या अगदी कडेला, नवा सात काढला आणि पासावर सही केली. रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. "तुम्हाला लेखी खुलासा मागतील," एवढंच म्हणाले आणि आठ नंबराच्या वाटेला लागले.

सावळाराम पास घेऊन खाली उतरला. उतरताना गुडघ्यानं त्याला रडवलं. पास भागीच्या हातात दिला, साहेबांची सही दाखवली, आणि सांगितलं की हीच तुमची जागा, आता इथेच झोपायचं, चूलही इथेच पेटवायची.

"होळीपर्यंत?" तिनं विचारलं.

"होळीपर्यंत."

"व्हय," भागी म्हणाली. पण ती गाठोड्यापासून हलली नाही. वरच्या धारेनं साहेबांची टोपी अजून दिसत होती आणि ती तिकडेच बघत होती. सावळारामनं तिला घाई केली नाही. तो भट्टीच्या अलीकडे एका ओंडक्यावर बसला, पाय लांब केला, आणि ती गाठोडी सोडेपर्यंत बसून राहिला.